तोक्योची भाषा, मीठ घालून

३० जून
उद्या परदेशी मुलगी राहायला येणार. जपानी शिकायला. गावातल्या भाषाशाळेचा उन्हाळी प्रोग्रॅम आहे. सकाळी वर्ग, बाकीचा दिवस कुणाच्या तरी घरी राहून घरच्यासारखं वागायचं. मी नाव दिलं ते हौसेनं नव्हे. शेजारच्या तेत्सुनं दिलं म्हणून. शिवाय वरच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या काढायला उंच माणूस हवंच होतं.

संकल्प: मुलीशी फक्त शुद्ध तोक्यो भाषा बोलायची. आमच्या उत्तरेच्या टोकाला, त्सुगारूकडच्या बाकीच्या बायकांना ते जमायचं नाही. मी शाळा चौथीत सोडली, पण लग्नाआधी दोन वर्षं तोक्योच्या कारखान्यात भटारखाना सांभाळलाय. तिथली भाषा जिभेवर बसली ती बसली.

दुसरा संकल्प: जीव लावायचा नाही. मांजर मेलं तेव्हाच ठरलंय ते.

१ जुलै
आली. नाव रोसिओ, देश अर्जेंटिना. चौकटीवर कपाळ आपटूनच आत शिरली. माझ्या तोंडात नाव बसेना, म्हणून मागचा तुकडा तेवढा ठेवला. शिओ. आमच्याकडे शिओ म्हणजे मीठ. ऐकून खूश झाली. मिठाला कुणी नावं ठेवत नाही.

मी अगदी सावकाश, रेडिओवरच्या बाईसारखं म्हटलं, "आगं ये की म्होरं, हितं उंबऱ्यात खांबावानी काय हुबी ऱ्हायलीस?" नुसतीच हसली. तीन वर्षं जपानी शिकलीय म्हणे. त्यांच्याकडच्या शाळाही चौथीपर्यंतच बऱ्या असाव्यात.

३ जुलै
मासा भाजून पुढ्यात ठेवला. म्हटलं, "के." म्हणजे खा. कळेना. मोठ्यानं म्हटलं. कळेना. कानापाशी जाऊन म्हटलं, तर कान चोळत बसली. शेवटी घास तोंडात कोंबला तेव्हा डोक्यात उजेड पडला. मग 'कू' शिकवलं. कू म्हणजे खाते. संध्याकाळी मी म्हटलं "के", ती म्हणाली "कू". काम झालं. तोक्योची माणसं घाईची, त्यांना लांबण चालत नाही.

६ जुलै
बागेत सफरचंदांना कागदी पिशव्या बांधल्या. शिओ शिडीशिवाय पोचते, पण एका पिशवीत अळीसकट फळ बांधलं. म्हटलं, "तिला काय म्हायेरपणाला ठिवलीस?" पोट धरून हसली. म्हणजे आता समजायला लागलंय. माझी शिकवण.

तेत्सु कुंपणावरून म्हणाली, "किसा, पोरीला जरा नीट बोलायला शिकव गं. आमच्या योरिसला तिचं एक वाक्य कळत नाही." योरिस हा तिच्याकडचा हॉलंडचा मुलगा. टीव्हीवर बातम्या सांगतात तसा बोलतो. बिचारा. तेत्सु दिवसभर टीव्ही लावून गप्प बसते, त्याला जित्या माणसाची भाषा मिळणार कुठून?

१२ जुलै
शाळेतून हायाकावा बाईंचा फोन. ह्या शिओच्या शिक्षिका. तोक्योच्या, वसंतातच इकडे आल्यात, वय पोरसवदा. म्हणाल्या, शिओच्या बोलण्यात काही 'अनोळखी शब्द' येताहेत. मला तात्काळ उलगडा झाला. कुंपण! तेत्सुची गावंढळ भाषा कुंपणावरून पोरीच्या कानात पडतेय. शिओला बजावलं, तेत्सुशी बोलायचं न्हाई. ती म्हणाली, "बरं हाय, आजी." किती स्वच्छ बोलली.

२५ जुलै
परसातला पहिला किमी काढला. किमी म्हणजे मका, हे अख्ख्या जपानला माहीत आहे. पण आज कळलं की हायाकावा बाईंना माहीत नाही. शिक्षण एवढं घेतलं आणि मका शिकल्या नाहीत!

झालं असं. शिओनं वर्गात उभं राहून बाईंना आमंत्रण दिलं: संध्याकाळी घरी या, किमीला उकडून, वर मीठ चोळून, आजी आणि मी दाणा न् दाणा संपवणार आहोत. तिकडं तोक्योत म्हणे किमी म्हणजे 'तू'. तेही जवळच्या माणसाला म्हणायचं. वर्ग डोकी खाली घालून हसला. बाई संध्याकाळी आल्या, पण फाटकाशीच थांबल्या. मी मक्याचं कणीस हलवून दाखवलं तेव्हा आत आल्या. दोन कणसं खाल्ली. दाताला धार आहे.

खाऊन झाल्यावर खरं बोलल्या. अठरा ऑगस्टला गावच्या हॉलमध्ये शिओचं भाषण आहे. त्यात पास झाली तर वरच्या वर्गात घेतील, वसंतापर्यंत राहता येईल. नापास झाली तर त्याच आठवड्यात विमानात. आणि म्हणाल्या, तोवर तिला तेत्सुसानकडे हलवलं तर बरं, तिथं टीव्ही असतो.

मी म्हटलं, मला काय, न्या की. बरण्या सगळ्या खाली काढून झाल्यात.

शिओ चुलीपाशी उभी होती. म्हणाली, "म्या हितनं हलायची न्हाई. उचलून न्या हिंमत आसंल तर." बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, काय म्हणाली ती? मी सांगितलं, अभ्यास करते म्हणाली.

२६ जुलै
नवा संकल्प. तेत्सुला टीव्ही आहे तर मलाही आहे. रोज जेवणानंतर शिओला टीव्हीसमोर बसवायची. मी मध्ये बोलायचं नाही.

२७ जुलै
मध्ये बोलले. हीरो इतका बावळट होता की बोलावंच लागलं.

२ ऑगस्ट
टीव्हीचा गुण आला. वाईट इतकंच की मी तिला तलवारवाल्यांची मालिका लावून देत होते, कारण मला तीच आवडते. आज शिओ वर्गात उशिरा पोचली आणि गुडघे टेकून म्हणाली, "सरकार, विलंबाची क्षमा असावी. हे मस्तक आपल्या चरणी." शाळेच्या मुख्याध्यापकांनी दार लावून घेतलं म्हणे. आतून हसण्याचा आवाज येत होता, असं योरिस सांगत होता. बातमीसारखं.

टीव्ही बंद. टीव्हीनं कुणाचं भलं झालंय?

५ ऑगस्ट
पुन्हा माझ्याच भाषेवर आले. शिओला म्हटलं, भाषणाला घाबरू नको, माझ्यासारखं बोललीस तर तोक्योचा प्राध्यापकसुद्धा मान डोलवेल. हल्ली ती स्वतःहून प्रश्न विचारते. आजी, तुम्ही लहानपणी काय खायचात? आजी, आजोबांना रागावलात की काय म्हणायचात? फोन टेबलावर पालथा टाकलेला असतो. आईशी बोलायचं असेल. मी उत्तरं देते. आजोबांबद्दल विचारलं तेव्हा जरा जास्तच वेळ दिली. शिव्याच तेवढ्या होत्या.

१३ ऑगस्ट
ओबोन. पूर्वज घरी यायचे दिवस. थडग्यावर शिओला घेऊन गेले. धूप लावला, किमी ठेवला. तिनं हात जोडले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "आजोबा, कणीस गार हुईल. के."

बावीस वर्षांत त्याला कुणी इतकं सरळ जेवायला बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, लई धूर केलास, डोळ्यात गेला. पुढच्या वर्षी धूप बदलायचा.

१६ ऑगस्ट
माळ्यावरची जाड रजई काढून उन्हात घातली. हिवाळ्याची म्हणून नव्हे. कसर लागते. रजई जरा आखूड वाटली म्हणून पायाकडून हातभर जोड लावला. तेत्सु कुंपणावरून म्हणाली, "एवढी लांब कुणासाठी गं? तुझ्या उंचीला तर निम्मी पुरेल." मी तिला आज शुद्ध भाषेत उत्तर दिलं. ते इथं लिहीत नाही.

१७ ऑगस्ट
शिओ भाषण दाखवत नाही. म्हणते, "उद्या ऐका की, आजी." मी शांत आहे. दोनदा देवघरात जाऊन आले, पण ते धूळ पुसायला.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ
आधी हे लिहिते की मी पुढच्या रांगेत बसले होते आणि चांगला किमोनो घातला होता. तो आता तसाच घडी करून ठेवलाय. पुन्हा घालीन असं वाटत नाही.

योरिसचं भाषण झालं. बातम्या. मग शिओ. तिनं तोंड उघडलं आणि मी हादरले. अशी भाषा! एक शब्द इकडचा तिकडं नाही. पाणी वाहावं तशी. टीव्हीवरच्या बाईनं बाहीआड तोंड लपवावं. मी तेत्सुला कोपरानं ढोसून म्हटलं, ऐकलंस? माझी शिकवण.

मग शिओ म्हणाली, आता मी तुम्हाला माझ्या आजीची तोक्यो भाषा ऐकवते. आणि हॉलमध्ये एक म्हातारी बोलायला लागली. खरखरीत आवाज, अर्धे शब्द गिळलेले, आणि उरलेले कुठल्यातरी डोंगरातले. मनात म्हटलं, ही कोण अडाणी बाई, हिला माइकपाशी कशाला आणलं? तेवढ्यात ती बाई म्हणाली, "आन् आमचा म्हातारा, त्यो तर भिताडाला टेकून झोपणारा बैल."

तो फोन. टेबलावरचा.

पडद्यावर माझ्या बोलण्याखाली ओळी धावत होत्या. मला ती अवघड अक्षरं वाचता येत नाहीत. तेत्सुला विचारलं, खाली काय लिहितायत? ती म्हणाली, "तुझं भाषांतर." मी विचारलं, कुठल्या भाषेत? ती म्हणाली, "जपानीत."

सगळा हॉल हसत होता. पण गावातले म्हातारे डोळे पुसून हसत होते, ते वेगळं. शिओ म्हणाली, ही भाषा मी शाळेत शिकले नाही, बशीत मिळाली. मुख्याध्यापकांनी उठून टाळ्या वाजवल्या. पास. पहिली. वसंतापर्यंत मुक्काम. त्सुगारूच्या बोलीवर अभ्यास करणार म्हणे. म्हणजे माझ्यावर.

बाहेर आल्यावर तेत्सुला म्हटलं, तू सांग, आपण दोघी एकाच गाडीनं तोक्योला गेलो होतो ना? तिथं मी शुद्ध बोलत नव्हते? तेत्सु म्हणाली, "किसा, त्या भटारखान्यात भाजी चिरणारी आपल्या गावची, भांडी घासणारी आपल्या गावची, मुकादमीण तुझी मावशी. तोक्योचं माणूस तुला भेटलं कधी? खिडकीतून ताटली सरकवायचीस फक्त."

यावर विचार केला. ताटली सरकवताना मी "के" म्हणायचे, हे खरं. समोरचे काहीच म्हणायचे नाहीत. मला वाटायचं, शिष्ट आहेत.

हायाकावा बाईंनी दोन्ही हात धरले. म्हणाल्या, आजी, एकच विनंती, वसंतापर्यंत शुद्ध बोलायचा प्रयत्न करू नका. मी म्हटलं, प्रयत्न कसला, ते आपोआपच येतं.

संकल्प: उद्यापासून काहीच बोलायचं नाही.

घरी येऊन शिओवर रुसून बसले. तिनं किमी उकडले, मीठ चोळलं, कणीस माझ्या नाकापुढं धरलं आणि म्हणाली, "के."

बराच वेळ धरून होती. हात भरून आला असता तिचा.

म्हटलं, "कू."

खाली कुठं अक्षरं उमटतायत का, ते पाहून घेतलं. नव्हती.