बाराव्या आठवड्याचा अहवाल

प्रिय पायाळू,

आधी वस्तुस्थिती, क्रमाने. तू पोटात असताना, बाराव्या आठवड्यात, मी माझ्याच प्रयोगशाळेत माझे रक्त तपासले. थायरॉईडचा आकडा वरच्या मर्यादेला टेकला होता. 'सामान्य' असा शेरा लिहून मी स्वतःच सही केली. दिवस भरले तरी तू डोके वरच ठेवून होतीस, आणि जन्मलीस तीही पाय पुढे करून.

प्रसूतीला सुईण म्हणून तुझी आत्या होती. तुझे डोके अडले ती मिनिटे तिनेच निभावली, आणि मग घाम पुसत म्हणाली, "वहिनी, लेक तुमच्यावरच गेली हो! कुणापुढे डोकं खाली घालायची नाही." खोलीतले सगळे हसले, मी नाही. मूल फिरलेले नाही हे तिने आधीच ओळखायला हवे होते, असा ठपका मी तिच्यावर ठेवला आणि बोलणे तोडले. त्याला एकोणतीस वर्षे झाली.

गेल्या महिन्यात एक संशोधन वाचले. गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्यांचा हा आकडा चढा असतो, त्यांची बाळे जन्मवेळी डोके खाली नसलेली अधिक आढळली. संबंध आढळला, कारण सिद्ध झालेले नाही. त्यापुढे एक अक्षरही मी म्हणणार नाही. पण जुना अहवाल काढून पाहिला. त्यावरची मर्यादा सर्वसाधारण प्रौढांची होती, गरोदर स्त्रीची नव्हे. त्या दिवसांत मी भर उन्हात स्वेटर घालून बसत होते, एक जिना चढताना दोनदा थांबत होते; दोन्ही थायरॉईड मंदावल्याच्या खुणा, आणि ती मंदावली की हा आकडा चढतो. तरी मी कागदावर विश्वास ठेवला, कारण तो माझा होता. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. काल एक साधा अहवाल चार वेळा तपासूनही माझ्याने सही करवेना.

परवा आत्याचा फोन आला. तुला दिवस गेल्याचे, आठवा आठवडा लागल्याचे मला तिच्याकडून कळले. "रक्त तपासायचं म्हटलं तर पोरीला सुईची नाही, तुमची भीती वाटते, वहिनी," असे ती म्हणाली. मी तिची क्षमा मागितली. वाक्य नीट जमले नाही. तुझ्यापुढेही जमणार नाही, म्हणून हे पत्र. तुझे रक्त माझे आहे. थायरॉईड याच आठवड्यात तपासून घे, माझ्याकडे नको, दुसरीकडे. आकडा, एकक आणि मर्यादा गरोदरपणाची आहे की नाही, हे तिन्ही मला कळव. फोनवर "ठीक आहे" म्हणून भागणार नाही. उत्तर लेखी हवे.

तुझीच,
आई