एकच डोळा काढलेला गणपती

हमरापूर, श्रावणातला मंगळवार, संध्याकाळ

दुपारी रोह्याहून नणंदेचा फोन. "वहिनी, आमच्या गणपतीचे डोळे तूच काढ हां." वहिनी! चैत्रात भाचीच्या लग्नात कुठे गेली होती ही वहिनी? नवरा मला टाकून वडखळला दुसरीबरोबर राहतो, तरी मामा-मामी म्हणून त्या दोघांनाच पाटावर बसवलं. मला म्हणाली, "पाटावर जोडपं लागतं. तू ऊठ गो." सगळ्यांदेखत उठले.

जोडपं म्हणे! शाळेत गुरुजी सांगायचे, जोडप्याला युगुल म्हणतात, आणि तो शब्द बैलांच्या जुवावरून आला. एका जुवाखालचे दोन म्हणजे युगुल. मग सासूचं आजारपण, हा मूर्तींचा कारखाना, हे जू ओढलं कुणी? मी एकटीनं. त्या दोघांना दुक्कल म्हणावं, चोरांची असते तशी.

आत्ता तिच्या मूर्तीचा उजवा डोळा काढला आणि ब्रश धुऊन ठेवला. आमच्याकडे दोन्ही डोळे एकाच हातानं काढतात. दुसऱ्याच्या अर्ध्या आखणीला अख्ख्या गावात कुणी हात लावणार नाय. देवाशी खेळतेय का मी? असेन. पण नणंदेनं इथं यावं, मला पाटावर बसवावं आणि म्हणावं, "वहिनी, चुकले." तोवर डावा डोळा नाय.

मूर्तीवर कापड टाकायला गेले, तर तो एका डोळ्यानं माझ्याकडेच बघत होता. कापड टाकलं नाय. बघू दे.