पाडव्याचं गोल तोरण

८ मार्च २०२६, रविवार. सकाळी ९

संकल्प: पाडव्यापर्यंत दाराला गोल तोरण. आंब्याची पानं, पळसाची फुलं, धानाच्या लोंब्या. रीलमधल्या मॅडमने वीस मिनिटांत केलं. तिला शेतीतलं काही कळत नसणार. मी पंधरात करीन.

फोटो स्टेटसला टाकायचा. मुलगी नीतू होस्टेलवरून सांगते की आई तुमचं स्टेटस रोज पाहते. घर किती छान चाललंय हे दिसलं की दुर्गेश्वरी आपोआप येईल.

संक्रांतीला पाहुण्यांसमोर मी एवढंच म्हणालो होतो की हिच्यावाचूनही घर चालतं. वस्तुस्थिती सांगितली. तेवढ्यावरून बायको चिचगडला माहेरी जाऊन बसली, दोन महिने होत आले.

दुपारी: भात करपला. गॅसचा दोष.

९ मार्च, सोमवार

शेजारच्या गीताबाई काकू भात घेऊन आल्या. सोबत सल्ला. म्हणे, तोरन कायले करून राहिला बाबू, बसमधी बस अन् आन तिले, आनाले गेल्याबिगर बाई येते का.

आमच्याकडे रीतच आहे तशी. रुसून गेलेल्या बायकोला नवऱ्याने आणायला जायचं. पण मी गेलो तर चूक माझी होती असा अर्थ निघतो. शिवाय बसला तीन तास लागतात आणि माझी कंबर.

बांबूच्या कामट्या वाकवल्या. तीन मोडल्या. चौथी गोल झाली, म्हणजे लांबट गोल.

११ मार्च, बुधवार

पहाटे पळसाची फुलं आणली. सुंदर दिसलं. दुपारी दोनपर्यंत सगळी काळी पडून खाली. समोरचा शालीकराम फाटकाशी उभा राहून म्हणाला, पळसाचा रंग करतेत, दाराले कोन लावते. ज्याने आयुष्यभर राइस मिलमध्ये पोती मोजली त्याला सौंदर्य काय कळणार?

नवा प्लॅन. लोंब्या हळदीत रंगवायच्या. हळद टिकते.

१३ मार्च, शुक्रवार

एक किलो हळद आणली. दुकानदाराने दोनदा विचारलं, एक किलो? मी फक्त हसलो. सरप्राइज सांगायचं नसतं.

हळद टिकते हे सिद्ध झालं. हात कोपरापर्यंत पिवळे. पांढरा सदरा पिवळा. साबण, लिंबू, रॉकेल, काही उपयोग नाही.

तिच्या हळदीकुंकवाच्या दिवशी घरभर हाच वास असायचा. ओसरीवर बसलो तर डोळ्यांत पाणी आलं. पावडर बारीक होती, तीच गेली असणार. बराच वेळ उठलो नाही.

१५ मार्च, रविवार

गोंदियाला जाऊन दुर्गेश्वरीसाठी लाल साडी घेतली. आधी गुढीला नेसवायची, मग तिला द्यायची. परतीच्या बसमध्ये गावातले चारजण होते. माझ्या पिवळ्या हातांकडे पाहत होते, मग पिशवीकडे. माणूस कामाला लागला की लोकांच्या मनात आदर येतो.

चौकटीला रंग दिला. दिव्यांची माळ सोडली.

१६ मार्च, सोमवार

तोरण लागलं. डावीकडे जरा कललंय, पण भरगच्च आहे. आंब्यासोबत जांभळाच्या डहाळ्याही बांधल्या, लग्नाच्या मांडवाला बांधतात तशा. लोक फाटकाशी थांबून पाहतात. बाया कुजबुजतात.

शालीकरामने विचारलं, कार्यक्रम कवा? म्हटलं पाडव्याला, मुहूर्त चांगला आहे. पाहुणे किती? म्हटलं घरच्या घरी, गाजावाजा नको. तो मान हलवत गेला. जळतो.

गीताबाई काकूंनी आज भात पाठवला नाही. विचारायला गेलो तर दारातूनच म्हणाल्या, आता येईल तेच शिजवंल. म्हणजे ती येणार याची त्यांनाही खात्री पटली.

१८ मार्च, बुधवार

फोटो टाकला. खाली लिहिलं: नवी सुरुवात. एकसष्ट जणांनी पाहिला. दुर्गेश्वरीने ११ वाजून १० मिनिटांनी पाहिला. प्लॅन बरोबर चाललाय.

नीतूचा फोन. रडत होती. म्हणाली, बाबा तुम्ही असं कसं करू शकता. मी म्हटलं, अगं सोपं आहे, कामटी आधी भिजवावी लागते. फोन कट झाला. होस्टेलला नेटवर्क नसतं.

१९ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५

ती आली.

सकाळी दहाला पिकअप फाटकाशी थांबला. पुढे तिचा भाऊ भूपेंद्र. मी पिवळा सदराच घालून बाहेर आलो, दुसरा धुतलेला नव्हता. भूपेंद्र माझ्याशी न बोलता आत शिरला. दोन्ही खोल्या, मोरी, मागचं अंगण बघून आला आणि तिला म्हणाला, कोनीच नाई.

मग मला सांगण्यात आलं. मी पाडव्याला दुसरी बायको आणून राहिलो आहे, हे गावभर झालं होतं. किलोभर हळद आली, साडी आली, मांडवाच्या डहाळ्या लागल्या. पाठोपाठ माझंच स्टेटस. ती तिचं सामान न्यायला आली होती.

मी सगळं समजावलं. रील दाखवलं. म्हटलं, हे तुझ्यासाठीच केलं. ती उंबऱ्यात बसली. हसली, खूप हसली, पदर तोंडाला लावून. भूपेंद्रही हसला. मला वाटलं झालं.

मग तिने डोळे पुसले. म्हणाली, एवढे दिस तोरन करत होते तं मले आनाले काऊन नाई आले?

मी म्हटलं, कामात होतो.

ती तोरणाकडे पाहत राहिली. मग उठली आणि भूपेंद्रला म्हणाली, मशीन उचल. तिचं शिलाई मशीन जड आहे, एका बाजूने मीच हात लावला. साडी पुढे केली तर म्हणाली, गुढीले असू द्या.

चल घरात, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. ती बाहेर पडून दार ओढायला लागली तेव्हा मी म्हणालो, हळू लाव, लोंब्या झडतात.

तिने हळू लावलं.