घटनास्थळ तयार करा

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

हजेरीला मोठ्या साहेबांनी नवा आदेश वाचून दाखवला. यापुढे राज्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कुठल्याही हवालदाराच्या किंवा शिपायाच्या हातात तपास द्यायचा नाही. पडताळणीसाठी राज्याचं पथक याच महिन्यात ठाण्यात येणार. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक. पास होईल तो तपासी अंमलदार. नापास होईल त्याला बंदोबस्त, समन्स आणि मुद्देमालाची खोली, रिटायर होईपर्यंत.

बाकीच्यांचे चेहरे पडले. मी मात्र मनातल्या मनात प्रमाणपत्राची फ्रेमसुद्धा निवडली. बावीस वर्षं सर्व्हिस, त्यात बीए. बीएला जरा वेळ लागला, पण मुक्त विद्यापीठात घाई कोणालाच नसते.

आजवर माझ्या नावावर एकाही गुन्ह्याचा तपास नाही, एवढीच कसर. ती आता भरून निघणार.

ठराव: रोज पाचला उठणे. फौजदारी कायद्याची नवीन संहिता रोज दहा पानं. तंबाखू बंद.

संध्याकाळ

मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका झाली. तंबाखू उद्यापासून.

४ फेब्रुवारी

जयदेवने सगळ्यांसमोर विचारलं, पथकासमोर या वेळी बॉडी कोण? सगळे माझ्याकडे बघून हसले. जयदेव माझ्याच बॅचचा हवालदार आहे, पण पोच नाही.

ठाण्यात ट्रेनिंगचं प्रात्यक्षिक असलं की प्रेत मी असतो. पहिल्यांदा उशिरा पोचलो होतो, आरोपी, साक्षीदार, पंच सगळे ठरले होते, एवढंच कारण. पण कामात जीव ओतला आणि ती भूमिका कायमची माझी झाली. आतापर्यंत बारवी धरणात बुडून, ट्रकखाली येऊन, विष पिऊन, गळफास घेऊन, सगळ्या प्रकारे गेलो आहे. साहेब नुसतं "घटनास्थळ तयार करा" म्हणतात आणि वाक्य संपायच्या आत मी जमिनीवर असतो. असा रिस्पॉन्स अख्ख्या परिमंडळात कोणाचा नाही. मुंगी नाकावर चढली तरी मी हलत नाही. जयदेवने एकदा करून पाहिलं होतं, पंचनाम्याच्या दुसऱ्याच ओळीला हसला.

पण यंदा मी मरणार नाही. साहेबांना तसं स्पष्ट सांगितलं. म्हणजे सांगणार होतो, ते फोनवर होते.

८ फेब्रुवारी, रविवार

पाचला उठलो. झोपून वाचायला घेतलं. आठला बकुळाने नाकाखाली बोट धरून पाहिलं तेव्हा जाग आली. मी झोपतो तेच मुळी सरळ, हात दोन्ही बाजूंना. लग्न झाल्यापासून तिची ही तपासणी चालू आहे.

दुपारी प्रॅक्टिसची संधी चालून आली. आमच्या सोनिवलीच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या संजीवनीताईंच्या मिस्टरांच्या नव्या कोऱ्या चपला दारातून गेल्या. मी लगेच सूत्रं हातात घेतली. जिन्यात दोरी बांधली, वॉचमनला आणि टेरेसवर पापड वाळवणाऱ्या एका आजींना पंच म्हणून उभं केलं, मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. चारही मजले पायी तपासले. संशयित म्हणून दूधवाल्याला कसून विचारलं. तो घाबरला, म्हणजे पद्धत बरोबर होती.

शेवटी अक्षदा म्हणाली, पप्पा, शूटिंग पुन्हा लावा, तुमच्या पायांकडे बघा.

तपास यशस्वी. मुद्देमाल शंभर टक्के हस्तगत, तोही एकाच दिवसात. सकाळी कचरा टाकायला जाताना जिन्यातल्या अंधारात पाय चुकला असणार. संजीवनीताई जरा जास्तच हसल्या.

११ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, या वेळी मला तपासी अंमलदार म्हणून उभं राहायचंय. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, राहा, पण बॉडीची सोय तू करायची.

सोय केली. कॅम्प तीनच्या बाजारात धर्मेशचं जीन्सचं दुकान आहे, बाहेर पुतळे उभे असतात. एक मागितला. धर्मेश म्हणाला, "ले जाओ साब, लेकिन एक हाथ ढीला है, और किसीको मारने मत देना." पुतळा देखणा आहे. निळे डोळे, एक हात कमरेवर. जीन्सला टॅग तसाच.

बाईकवर मागे बसवून आणला. चौकात ट्रॅफिकच्या अल्पेशने थांबवलं, मागच्याला हेल्मेट नाही म्हणून. जवळ आल्यावर त्याने सॅल्यूट केला, पण मला की पुतळ्याला ते कळलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

अंबरनाथला देवळापाशी बंदोबस्त. वाचता यावं म्हणून संहिता बरोबर नेली. पानं मळू नयेत म्हणून बकुळाने तिला लाल कापड शिवून दिलं आहे. बॅरिकेडजवळ स्टुलावर ठेवली आणि रांग सरळ करायला गेलो. परत येईपर्यंत तिच्यावर बेल, फुलं आणि अर्धा नारळ. लोक पाया पडून पुढे जात होते. आता ती उचलायची कशी? एक बाई तर मला तीर्थ मागू लागल्या.

वाचन झालं नाही, पण पुस्तकाला आशीर्वाद मिळाला. त्याचा परिणाम होतोच.

ठराव: उद्यापासून रोज वीस पानं. तंबाखू पथक गेल्यावर, आत्ता डोक्यावर ताण नको.

१८ फेब्रुवारी

यशोधरा स्वतःहून म्हणाली की जेवणाच्या सुट्टीत प्रॅक्टिस करू. शिपाई आहे, सर्व्हिस दोन वर्षं. तीही परीक्षेला बसते आहे. तिचा फायदा होईल म्हणून मी हो म्हटलं.

विश्रांतीच्या खोलीत पुतळा आडवा केला. मी थेट आत गेलो, पुतळ्याची नाडी पाहिली, शेजारची बाटली उचलून वास घेतला. ती शांतपणे म्हणाली, "काका, दारात थांबायचं. आधी नुसतं बघायचं. आत जायची घाई नाही, एवढं एकच लक्षात ठेवा." मी म्हटलं, माहीत आहे, तुझी परीक्षा घेत होतो. तिने मान डोलावली. चांगली मुलगी आहे, ऐकून घेते.

पाच वेळा केलं. पाचही वेळा दारात थांबायचं राहिलं. पण दर वेळी आत गेल्यावर आठवत होतं, म्हणजे प्रगती आहे.

२१ फेब्रुवारी

अक्षदाने कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं की पप्पा आता केसेस सोडवणार. बकुळाने युनिफॉर्मला कडक इस्त्री करून ठेवली आहे, परवा-तेरवासाठी, कपाटाला हात लावू देत नाही.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, बाहेर बोलायची नाही. अक्षदा दुसरीत होती तेव्हा पोलीस स्थापना दिनाला तिच्या शाळेत आम्ही प्रात्यक्षिक केलं होतं. मी पटांगणात मरून पडलो. तिने मला ओळखलं आणि असा हंबरडा फोडला की हेडमास्तर धावत आले. मी उठू शकत नव्हतो, पंचनामा चालू होता. तसाच पडून तिचं रडणं ऐकत राहिलो. शब्द न शब्द आठवतो. मी उभा राहून काम करतोय, हे मला तिला एकदा दाखवायचं आहे. परीक्षा मला त्यासाठीच पास व्हायची आहे, फ्रेमबिम नंतर.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ सात

आज. देवाला नमस्कार केला, संहितेला केला. चाळीस पानं वाचून झाली आहेत. उरलेली अनुभवाच्या जोरावर.

दुपार एक

लेखी उत्तम. सगळ्यांच्या आधी पेपर दिला. बाकीचे अजून पुरवण्या मागत होते, यावरून त्यांची तयारी कळते. चारनंतर प्रात्यक्षिक. पथकाच्या प्रमुख वृंदा मॅडम, उपअधीक्षक. कमी बोलतात.

संध्याकाळ

हॉलमध्ये किचन मांडलं होतं. गॅस, सांडलेलं तेल, चाकू, लाल रंग. मधोमध धर्मेशचा पुतळा. खुर्च्यांवर पथक, मागे साहेब आणि सगळं ठाणं. पहिला नंबर माझा. मी दारात थांबलो. हो, दारात थांबलो. यशोधरेने दुरून अंगठा दाखवला. पॅड हातात, पेन खिशात, मोबाईलवर शूटिंगची तयारी. आयुष्यात इतका ताठ उभा राहिलो नव्हतो.

तेवढ्यात पुतळ्याचा ढिला हात निखळून बाजूला पडला. वृंदा मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट. घटनास्थळ तयार करा."

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. डोळे मिटलेले होते. फरशी गार होती. जयदेवचा आवाज आला, अरे देवा. मग कळलं की मी पुतळ्याच्या शेजारी पडलो आहे, हात दोन्ही बाजूंना.

उठायला हवं होतं, मान्य. पण बावीस वर्षांत पंचनाम्याच्या मध्ये कधी उठलेलो नाही. मॅडमनी विचारलं, मग तपासाला कोण आहे? शेवटी यशोधरा दारात येऊन उभी राहिली. आधी नुसतं बघितलं. मग तिने दोन प्रेतांचा पंचनामा केला, एक अनोळखी पुरुष निळ्या डोळ्यांचा, दुसरा पोलीस युनिफॉर्ममधला. एकही चूक नाही. माझ्याजवळ बसली तेव्हा हळूच म्हणाली, सॉरी काका.

मी उत्तर दिलं नाही. भूमिकेत होतो.

२५ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. घटनास्थळ प्रेताच्या बाजूने पाहणं हीसुद्धा तपासाचीच एक पद्धत मानता येईल. मॅडम जाणकार आहेत, त्यांच्या लक्षात आलं असणार. जाताना त्यांनी मुद्दाम मला विचारलं की हे किती वर्षं करताय. मी सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. चांगलं लक्षण आहे.

पुतळा परत दिला. धर्मेश हात बघून म्हणाला, "साब, मैंने बोला था."

तंबाखूचं आत्ता काही लिहीत नाही.

१० मार्च

निकाल. यशोधरा पहिली. जयदेव काठावर, पण पास. माझं नाव पासच्या यादीत नव्हतं. लेखीत पन्नासपैकी अकरा. प्रात्यक्षिकाच्या रकान्यात मार्क नाहीत, नुसतं लिहिलं आहे, उमेदवार तपासासाठी उपलब्ध नव्हता.

मात्र साहेबांनी केबिनमध्ये बोलावून वेगळा आदेश दिला. पथकाला प्रत्येक ठाण्यात प्रात्यक्षिक घ्यायचं आहे आणि पुतळ्यांवर कोणाची खरी परीक्षा होत नाही. तरी हवालदार शेलार यांना, म्हणजे मला, वर्षभरासाठी पथकाकडे संलग्न करण्यात येत आहे. काम तेच. म्हणजे राज्यस्तरीय नेमणूकच झाली की. मुद्देमालाची खोली टळली. साहेबांनी हात मिळवला. हसू आवरत होते, पण मिळवला.

बकुळाला सांगितलं, राज्याच्या पथकात घेतलं. तिने शिरा केला. अक्षदाने आदेश हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "म्हणजे परत झोपायचंच ना, पप्पा?"

मी म्हटलं, राज्य पातळीवर. ती रडली नाही, आता मोठी झाली आहे. मी मात्र शिऱ्याची वाटी बाजूला सारली. वाईट वाटलं, खूप वाटलं. माझं रडणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला.

१७ मार्च, मंगळवार

पथकाबरोबर पहिला दिवस, अंबरनाथ. प्रकार: गळा दाबून. सकाळच्या सत्रात तीन वेळा गेलो, दुपारी दोनदा.

शेवटचा उमेदवार प्रज्वल नावाचा शिपाई, अगदी कोवळा पोरगा. इतका गडबडला की नाडी चुकीच्या जागी शोधत बसला. दारात मात्र थांबला होता, मी डोळे किलकिले करून पाहिलं होतं. मला राहवलं नाही. मनगट जरासं वळवून नाडी त्याच्या बोटाखाली आणून ठेवली. पोराचा जीव भांड्यात पडला, पुढचं सगळं बरोबर केलं. पास झाला. बावीस वर्षांत माझ्या हातून लागलेला हा पहिला तपास समजायला हरकत नाही.

निघताना वृंदा मॅडमनी माझ्या सेवापुस्तकात शेरा लिहिला. प्रेताने हालचाल केली. पुढील वेळी काळजी घ्यावी.

उद्या बदलापूर. सकाळी नऊला बुडायचं आहे. बकुळाला जुना युनिफॉर्म काढून ठेवायला सांगितलं आहे.