अडीचशे चकचकीत खिळे

३ फेब्रुवारी. सकाळी सात.
आजपासून शिस्त. तबेल्याच्या मालकीणबाई काल म्हणाल्या, पांढऱ्या घोडीचा नाल महिन्यात दोनदा निखळला. रविवारी तिची उड्यांची स्पर्धा. आता काही झालं तर दुसरा नालबंद बघू. माझ्याकडे उरलेला हा एकच तबेला. पण घाबरायचं कारण नाही. दोष माझ्या हाताचा नाही, खिळ्यांचा आहे.

४ फेब्रुवारी.
खिळे निवडण्यात दुपार गेली. घोडीच्या खुराची कड पातळ, म्हणून बारीक खिळे घेतले. मेहुणाही नालबंद आहे. तोही हेच म्हणाला असता, म्हणून त्याला विचारलं नाही.
डबा मोरीच्या खिडकीत ठेवला. तात्पुरता.

५ फेब्रुवारी.
डब्यात पाणी. खिळे तांबूस. हिने बादली नेमकी तिथेच का भरावी? ही म्हणाली, खिळे मोरीत का ठेवावेत? वाद घातला नाही. मन मोठं केलं.

६ फेब्रुवारी.
दिवसभर पॉलिश पेपर घेऊन बसलो. अडीचशे खिळे, एकेक करून. बोटं सोलली. पण चकाकी अशी की दुकानातले नवे लाजतील. ही म्हणाली, माझ्या भावाला एकदा दाखवून घ्या. हिच्या माहेरचं सगळंच शहाणं!

७ फेब्रुवारी.
एक बारीकशी गोष्ट. खिळ्याच्या डोक्यावर एका बाजूला खूण असते. ती आतल्या अंगाला ठेवून ठोकायचं, म्हणजे टोक खुरातून बाहेर वळतं. उलटा ठोकला तर थेट मांसात.
खूण घासली गेली. सगळ्यांची.
हरकत नाही. बावीस वर्षांचा अनुभव आहे, अंगठ्याला कळतं. नवे आणायचे तर हिला कारण सांगावं लागेल.

८ फेब्रुवारी. शनिवार, दुपार.
नाल बसवला. सात खिळे झकास. आठव्याला घोडीने पाय ओढला. लाडावून ठेवलीय.

९ फेब्रुवारी.
घोडी लंगडतेय. स्पर्धेतून नाव काढलं. डॉक्टरांनी आठवा खिळा उपसला, मागोमाग रक्त आलं. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. घरी जा, एवढंच म्हणाल्या. सात बरोबर होते, हे सांगणार होतो. तसाच घरी आलो. फार वाईट वाटलं. घोडीचं. माझंही.

१ मार्च.
जखम भरली. नाल ठोकायला मालकीणबाईंनी मेहुण्याला बोलावलंय. त्याने हिच्याकडे निरोप दिला, भाऊजींना पाठव, त्यांच्याजवळ घोडी शांत राहते. म्हणजे सुपरव्हिजन. इस्त्रीचा शर्ट घातला.
भाऊजी, जरा बाजूला, असं तो दोनदाच म्हणाला. तासभर घोडीची दोरी धरून उभा होतो. घोडी जराही हलली नाही. घरी गेल्यावर हिला सांगायचं ठरवलं.
मग खाली पाहिलं. तबेल्यात घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराने तिला आधीच खांबाला बांधलं होतं. माझ्या हातात दोरीचं उरलेलं टोक होतं.