चालणं, जॉगिंग आणि एकोणतीसचा पाढा

३ फेब्रु., मंगळ
वाघ फिरतोय अशी दवंडी, म्हणून जंगलाकडचा रस्ता बंद. सकाळी आम्ही दोघं नवराबायको शाळेच्या ग्राउंडवर. मी झपाझप चालतो. सुनंदा बाजूनं हळूहळू जॉगिंग करते, वेग माझाच. माझं मत: पळताना दर पावलाला अंग उचलावं लागतं, ताकद फुकट जाते. तिचं मत, "मंग दम तुम्हालेच काऊन लागते?"
वाद नको, मोजू. जळालेल्या मोटरीत नवी तार भरणं मोजूनमोजूनच शिकलो, कोणी गुरू नव्हता.

५ फेब्रु., गुरु
पद्धत: एक फेरी, मोठ्यानं एकोणतीसचा पाढा, श्वास तुटेल तिथं नोंद. झपाझप चालून सातापर्यंत. त्याच वेगानं पळून पाचावर तुटला. म्हणजे माझंच खरं.
सुनंदानं पळतपळत पाढा पुरा केला. वजनानं हलकी आहे, तो निकाल धरला नाही. वर म्हणते, "अजी, वाघ आला तं मी जॉगिंग करीन, तुम्ही पाढा म्हना."

९ फेब्रु., सोम
वेग वाढवला. चालून चारावर तुटला, पोटऱ्या भरल्या. तेवढ्याच वेगानं पळून पाच. म्हणजे एका वेगापुढं चालणं महाग, पळणं स्वस्त. तिचंही खरं. सांगितलं नाही.

१३ फेब्रु., शुक्र
फेरतपासणी. पहिलाच वेग, तेच बूट, तसाच उपाशीपोटी. चालून तीन. पाच तारखेला सात होता! पळून दोन. मग अगदी रमतगमत चाललो, तरी चार. पद्धतीत चूक कुठं? डावा जबडा दुखला. दात असेल.

१४ फेब्रु., शनि
दुकानात एकजण मोटर घेऊन आला. त्याला सांगत होतो, "लोड तोच, पाणी तेवढंच, अन् अँपिअर जास्त ओढून राह्यली. चालवू नोका, आधी खोलून पाहू."
मागं सुनंदा डबा घेऊन उभी. गिऱ्हाईक जाईस्तोवर थांबली.
"मोटरीले सांगता. सोताले?"
"मी का मोटर हाओ?"
"मोटर असते तं कवाच खोलली असती."
जेवलो नाही. राग तिचा नव्हता. हे मला आधी सुचायला हवं होतं.

१८ फेब्रु., बुध
गडचिरोलीचा दवाखाना. छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर चढवलं. तिथल्या बाईंना विचारलं, कोणत्या वेगाला चालणं सोडून पळायचं?
"भाऊ, बोलू नका. चाला."
मनात पाढा सुरू केला. पट्टा जरा उचलला, तोच बाईंनी कागदाकडं पाहून बंद केला. मी थांबलो नव्हतो. पळण्याचा वेग तर आलाच नव्हता.
डॉक्टर म्हणाले, नागपूरला नेऊन हृदयापर्यंत नळी घालून पाहावं लागेल. लवकर. म्हणजे खोलूनच.
परतीच्या बसमध्ये सुनंदाला सांगून टाकलं, जास्त वेगाला तुझं खरं निघालं, पळणंच स्वस्त. "हओ" म्हणाली आणि खिडकीकडं वळली. पळतपळत पाढा पुरा करणारी बाई. आरमोरीचा स्टँड येईस्तोवर बसल्या जागी तिचा श्वास तुटत होता.