डावीकडची खुर्ची

१४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

स. न. वि. वि. असं लिहिलं की निदान पहिली ओळ तरी भांडणाशिवाय जाते.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा कुरकुरतो, बाबा टीव्हीशी वाद घालतात. माझं मात्र डोकं फिरलंय. येत्या सव्वीस तारखेला शाळेच्या सभागृहात माझा पियानोचा कार्यक्रम आहे आणि चौदा पानांची रचना मी पाठ करते आहे. समोर कागद ठेवायचाच नाही. दोन महिने झाले. काल सातव्यांदा अडकले आणि स्टुलाला लाथ मारली. आई आतून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं! पाढेसुद्धा ताईच्या मागून म्हणायचीस तू."

पाठ कशाला, म्हणशील. पान उलटायला माणूस मिळत नाही. शेजारच्या काकू आल्या होत्या. त्या ऐकता ऐकता रडायला लागल्या आणि पान राहिलं. मग पायाने पान बदलणारं यंत्र आणलं. माझे दोन्ही पाय पेडलवर, तिसरा कुठून आणू?

आणि वैताग असा की बोटं अवघड जागी अडतच नाहीत. प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळीवर अडतात, अगदी सोप्या सुरांवर. तिथे माझी मान आपोआप डावीकडे हलते. तिथे कोणी नसतं.

तुला तर नोटेशन वाचता येत नाही. तरी माझ्या मानेच्या खुणेची वाट तू कधी पाहिली नाहीस, त्याआधीच पान उलटायला तुझा हात यायचा. तुला सगळं पाठ होतं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या कार्यक्रमात हीच रचना वाजवताना दोन पानं एकदम उलटली गेली. मी थांबले आणि भरल्या सभागृहात तुझ्यावर ओरडले, "एवढंही जमत नाही तुला?" तू उठून गेलीस. ताई, ती पानं चिकटली होती. आदल्या दिवशी फाटलेला कोपरा मीच डिंकाने जोडला होता. घरी येऊन पाहिलं तेव्हाच मला कळलं. सांगितलं नाही. आई तुला धांदरट म्हणाली, तेव्हाही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. कागद नको म्हणते ते काही हौसेने नाही. ते पान मला बघवत नाही.

तू वेळेवरच उलटलं होतंस. आज सकाळी आईलाही सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

सव्वीसला, संध्याकाळी सहा वाजता. पानं नसतील, तुला काही करावं लागणार नाही. तरी पियानोच्या डावीकडे एक खुर्ची ठेवायला सांगितली आहे. तू आली नाहीस तरी ती हलवायची नाही, असंही सांगितलंय. रिकामी असली तर मी तिच्याकडे बघून मान हलवेन आणि अडकेन.

दोन वर्षं उशिरा कान पकडणारी,
तुझी धाकटी